नूक्सिओतली तळ्यांची फेरी: या चुका टाळा

फिनलंडमधल्या हेलसिंकी-एस्पोकडच्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा आले की नूक्सिओ राष्ट्रीय उद्यानाचा बेत ठरतोच. बेत चांगलाच आहे. हाउक्कालांपी तळ्यापासून निघून पुन्हा तिथेच आणून सोडणारी हाउकानकिएर्रोस ही फेरी साधारण 4 किलोमीटरची. पाइनचं जंगल, उघडे कातळ, मधूनमधून काळसर पाण्याची तळी. पण "सोपी आहे" एवढंच ऐकून माणसं तयारीशिवाय निघतात आणि तिथेच घोटाळा होतो.

मोठी चूक अंतराच्या हिशेबात होते. एस्पो सेंटरहून 245 नंबरच्या बसने हाउक्कालम्मेन्तिएच्या स्टॉपवर उतरलात तरी फेरीची सुरुवात अजून सुमारे 2 किलोमीटर लांब असते. जाताना 2, येताना 2, म्हणजे 4 चे 8 झाले. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे घरीच सांगा. त्यांच्यासाठी हाउक्कालांपीहूनच निघणारी 2 किलोमीटरची पुनारिनानकिएर्रोस ही फेरी पुरेशी आहे. हेलसिंकीहून येणार असाल तर तिकीट ए, बी, सी या तिन्ही झोनचं (एबीसी) काढा, आणि परतीच्या बसची वेळ जंगलात शिरण्याआधीच बघून ठेवा.

दुसरी चूक पायातली. ओलसर जागी लाकडी फळ्या टाकून वाट केलेली आहे. पावसानंतर, आणि शरद ऋतूत पानगळ सुरू झाली की, या फळ्या इतक्या निसरड्या होतात की गुळगुळीत तळव्याचे बूट टिकतच नाहीत. लहान पावलं टाका, पाय पूर्ण टेकवा. वाटेवर वर आलेली ओली मुळंही तशीच दगा देतात. मुळावर पाय न देता दोन मुळांमधल्या मातीवर द्या. बाबागाडी इथे नकोच, बाळाला पाठीवर घ्या.

फोटोसाठी पाण्याच्या अगदी कडेला जाऊ नका. अशा तळ्यांच्या काठाचं शेवाळ वरून घट्ट जमिनीसारखं दिसतं, पण पाय दिला की घोट्यापर्यंत आत जातो. थंडीच्या सुरुवातीला आणि वसंतात तर तळ्यावरच्या बर्फावर पाऊलही टाकू नका.

वाट चुकल्यासारखी वाटली तर पुढे रेटू नका. वेगवेगळ्या फेऱ्यांच्या वाटा काही ठिकाणी एकत्र येतात आणि फाट्यावर खुणांचा रंग बदललेला लक्षात येत नाही. हाउकानकिएर्रोसच्या खुणा निळ्या. शेवटची निळी खूण दिसली होती तिथपर्यंत मागे या.

डिसेंबरात इथे सव्वातीनच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा दुपारी जेवून निघणं म्हणजे अंधारात परतणं. टॉर्च वेगळा ठेवा, थंडीत मोबाइलची बॅटरी झपाट्याने उतरते.

उन्हाळ्यात घरी परतल्यावर गुडघ्यांच्या मागे, काखेत, मुलांच्या केसांत गोचीड आहे का ते नक्की बघा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. पुढच्या दिवसांत त्या जागी लाल चट्टा पसरायला लागला तर डॉक्टरांना दाखवा.

शेकोटी फक्त ठरवून दिलेल्या जागीच. वणव्याचा इशारा लागू असेल तर उघड्यावर मुळीच नाही. आणि निघण्याआधी फोनमध्ये 112 या आणीबाणीच्या नंबरचं '112 सुओमी' अ‍ॅप घ्या. त्यातून फोन केलात तर तुमचं ठिकाण मदत केंद्राला आपोआप कळतं.