पदवीनंतर एनक्लेक्सचा अभ्यास किती महिने करावा?

बी.एस्सी. नर्सिंगचा निकाल लागला की अमेरिकेच्या परवान्याचा विचार करणाऱ्या मुली एनक्लेक्स-आरएन या परवाना परीक्षेसाठी किती महिने लागतील, हे सर्वप्रथम विचारतात. बांबोळी, म्हापसा किंवा मडगावच्या इस्पितळांत ड्युटी सांभाळून तयारी करणाऱ्यांना मी चार ते पाच महिने सांगते, आणि पूर्ण वेळ देऊ शकणाऱ्यांना दोन ते तीन. त्याहून लांबवलेला अभ्यास बहुतेकींना थकवतो. मात्र हे महिने कोठून मोजायचे, हे चुकले तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

ते पदवीच्या दिवसापासून मोजू नयेत. आधी गोवा नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, मग अमेरिकेतील एखाद्या राज्याच्या नर्सिंग मंडळाकडे अर्ज, अनेक राज्यांच्या बाबतीत ट्रूमेरिट (पूर्वीची सीजीएफएनएस) या संस्थेकडून शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी, परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यू या कंपनीकडे नोंदणी आणि शेवटी परीक्षेला बसण्याची परवानगी, म्हणजे एटीटी, असा हा मार्ग आहे. पडताळणीसाठीची गुणपत्रके महाविद्यालयाने आणि नोंदणीची खातरजमा कौन्सिलने परस्पर पाठवायची असते, त्यामुळे तुमच्या घाईला तेथे फारसा अर्थ उरत नाही. मी निकालानंतर लगेच पूर्ण जोराने अभ्यासाला लागले आणि माझी तयारी सर्वांत चांगली होती त्या काळात माझे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात होते. एटीटी हाती आली तेव्हा औषधांचे दुष्परिणाम आणि प्रयोगशाळेतील तपासण्यांची मूल्ये पुन्हा पहिल्यापासून पाठ करावी लागली. त्यातच एटीटीची मुदत साधारणपणे ९० दिवसांची, राज्यानुसार कमी-अधिक, असते; ती वाढवून मिळत नाही, आणि मुदतीत परीक्षा दिली नाही तर नव्याने नोंदणी करून २०० डॉलरचे शुल्क पुन्हा भरावे लागते. म्हणून निकालानंतरचे पहिले काम कागदपत्रांचे आहे, हे मी प्रत्येकीला पुन्हा पुन्हा सांगते. कागद फिरत असताना रोज थोडे प्रश्न सोडवून हात चालू ठेवावा, आणि खरा जोर मंडळाकडून पात्रता कळण्याच्या सुमारास लावावा. जूनमध्ये अर्ज करून गणेश चवथीपूर्वी परीक्षा उरकण्याचा बेत कोणीही आखू नये.

अभ्यास म्हणजे चार वर्षांची पुस्तके पुन्हा वाचणे नव्हे. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या स्वरूपात ८५ ते १५० प्रश्न आणि ५ तासांचा वेळ असतो, आणि एकाच रुग्णाची स्थिती टप्प्याटप्प्याने उलगडत जाणारे प्रश्नसंच त्यात असतात. चार रुग्णांपैकी आधी कोणाकडे जावे आणि कोणते काम सहायकाकडे सोपवता येते, येथे आपल्या मुली अडखळतात. आपल्या वॉर्डांत रुग्णाला भरवणे, पुसून घेणे ही कामे बहुधा नातेवाईक करतात, त्यामुळे कामाच्या वाटणीचा विचार आपल्या हाडीमासी मुरलेला नसतो. रुग्णाचे प्राथमिक मूल्यमापन, त्याला आजाराविषयी शिकवणे आणि उपचारांचा परिणाम तपासणे ही कामे नोंदणीकृत परिचारिकेने स्वतःच करायची, हे सूत्र पक्के झाले की यांतील बरेच प्रश्न सुटतात. प्रश्न क्रमाने कठीण होत गेले तर घाबरू नका, कारण बरोबर उत्तरांनंतर संगणक अधिक कठीण प्रश्न देतो.

‘परीक्षेत आलेले प्रश्न’ म्हणून मोबाइलवर फिरणाऱ्या फायलींपासून दूर राहा. प्रश्न गुप्त ठेवण्याच्या अटीला तुम्ही स्वतः मान्यता देता, आणि अशा फायलींतील उत्तरे पुष्कळदा चुकीचीही असतात. मार्गदर्शकाबाबत माझे मत कडक आहे: आखातातील नोकरीसाठीची परीक्षा उत्तीर्ण झालेली ताई कितीही प्रेमळ असली तरी तिचा सल्ला येथे पुरत नाही, आणि स्वतः किती तास अभ्यास केला एवढेच सांगणारीचाही नाही. उरलेले पर्याय का चुकीचे आहेत, हे तुमच्याकडून वदवून घेणारी व्यक्ती शोधा. महागड्या क्लासपेक्षा तिचा उपयोग अधिक होतो. तारीखही त्याच कसोटीवर ठरवा. नवे प्रश्न सोडवताना चुकलेल्या उत्तराचे कारण तुम्हाला स्वतःच्या शब्दांत सांगता येऊ लागले, की महिने मोजत बसू नका, परीक्षा द्या.

नाईट ड्युटीनंतरच्या दिवशी अभ्यास झाला नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. त्या दिवशी झोप घ्या. परीक्षा केंद्रासाठी मुंबई किंवा बंगळूर गाठावे लागेल, तेव्हा आदल्या दिवशीच तेथे पोहोचा आणि नोंदणीतील नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षरशः जुळते का, हे नोंदणी करतानाच तपासा. यश आले नाही तर किमान ४५ दिवसांनी पुन्हा बसता येते, आणि कोणत्या विभागात तुम्ही उत्तीर्णतेच्या पातळीखाली राहिलात हे दाखवणारा अहवाल मिळतो. दुसऱ्या वेळचा अभ्यास त्याच विभागांपासून सुरू करा.