बाटलीच्या नंदीचा रंग निघू नये म्हणून

तान्ह्या पोळ्यासाठी पोरं रिकाम्या बाटलीचा नंदी करतात पण प्लास्टिकवर पोस्टर कलर टिकतच नाही, वाळला की पापुद्रे निघतात आणि पोरगं रडून राहतं. मागच्या वेळी हे केलं आणि रंग मस्त बसला:

१. ५०० मिलीची बाटली धुवून पूर्ण कोरडी करा.

२. फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून पेपरचे तुकडे दोन थर चिकटवा. तुकडे हातानेच फाडा, कात्रीने कापलेल्या कडा उठून दिसतात, आणि फाडायचं काम पोरांना लई आवडते. वशिंडाचा कागदी बोळा याच वेळी बसवून त्याच्यावरूनही तुकडे लावा, नंतर लावला तर गळून पडतो.

३. रात्रभर पंख्याखाली ठेवा. त्या दिवसांत आपल्या नागपुरात हवा दमट असते, हाताला गार लागलं म्हणजे आतून ओलंच आहे, अजून थांबा.

४. मग रंग. शिंगांना अंड्याच्या ट्रेमधले उंच कोन, शेपटीला सुतळी, चाकांना बाटल्यांची झाकणं आणि त्यात खराट्याची काडी.

झाकणांना भोकं मात्र मोठ्यांनीच पाडून द्या, गरम सुई पोरांच्या हाती अजिबात नको.