व्हर्च्युअल असिस्टंटसोबत काम करताना नातं चांगलं कसं ठेवायचं

व्हर्च्युअल असिस्टंट म्हणजे इथे मी दूर बसून आपली मेल, कॅलेंडर, बिलं, कस्टमरचे मेसेज सांभाळणाऱ्या खऱ्या माणसाबद्दल बोलतोय, फोनमधल्या अ‍ॅपबद्दल नाही. बऱ्याच जणांचं असं होतं की मोठ्या आशेने असिस्टंट घेतात आणि दोन महिन्यांत "यापेक्षा मीच केलं असतं तर पटकन झालं असतं" वर येतात, आणि बहुतेक वेळा त्या माणसात काही कमी नसतं, त्याला काय हवंय हे कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

सुरुवात काम कसं सांगता तिथून करा. "गुरुवारच्या मीटिंगचं जरा बघा ना" असा मेसेज टाकला तर समोरच्याने काय बघायचं? लिंक पाठवायची, वेळ बदलायची की फक्त आठवण करायची? त्यापेक्षा असं लिहा: "गुरुवारची मीटिंग पुढे ढकलायची आहे. तिघांनाही मेल करून पुढच्या आठवड्यातले दोन-तीन स्लॉट विचारा, अकराच्या आधी नको. सगळ्यांचं जमलं की इन्व्हाइट पाठवा. मंगळवारी संध्याकाळपर्यंत कुणाचं उत्तर आलं नाही तर मला सांगा, मी फोन करतो." लिहायला एक मिनिट जास्त लागतं, पण काय करायचं, कधी झालं म्हणायचं, कधीपर्यंत आणि अडलं तर काय हे सगळं त्यात आलं, मग मधे चार मेसेजची ये-जा होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच लोक टाळतात. न विचारता काय काय ठरवायची मुभा आहे हे पहिल्याच आठवड्यात लेखी सांगा. कामांचे तीन गट करा: थेट करून टाका, करा आणि नंतर कळवा, आधी विचारा. म्हणजे मीटिंगची वेळ बदलणं पहिल्यात, ठरलेल्या रकमेपर्यंतचा रिफंड दुसऱ्यात, नवीन सबस्क्रिप्शन घेणं किंवा चिडलेल्या क्लायंटला उत्तर देणं तिसऱ्यात. हे ठरलेलं नसेल तर चांगला असिस्टंटसुद्धा एकतर प्रत्येक गोष्ट विचारत बसतो नाहीतर भीतीने काहीच करत नाही, आणि दोन्ही वेळा आपणच म्हणतो की यांना पुढाकार घेता येत नाही. सुरुवातीला मुभा कमी ठेवा, जसजसं काम कळेल तसतशी दर महिन्याला वाढवत जा. आणि एक, मुभेत राहून त्यांनी घेतलेला निर्णय तुम्हाला तितकासा पटला नाही तरी क्लायंटसमोर तो फिरवू नका, नंतर बाजूला बोला, नाहीतर पुढच्या वेळी ते काहीच ठरवणार नाहीत.

नेहमीची कामं शिकवायची असतील तर काम करताना स्क्रीन रेकॉर्ड करा, लूमसारखं रेकॉर्डिंगचं अ‍ॅप चालेल, झूमवर एकट्याने मीटिंग सुरू करून रेकॉर्ड केलं तरी चालेल, आणि करताना कारणंही बोलत जा. मग त्यावरून स्टेप्स असिस्टंटलाच लिहू द्या आणि तुम्ही तपासा. आपल्याला सवयीने दिसेनाशी झालेली पायरी त्यांना लिहिताना बरोबर अडते.

पासवर्ड चॅटमध्ये पाठवू नका. बिटवॉर्डन, वनपासवर्ड असा एखादा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड सुरक्षित ठेवून शेअर करू देणारं अ‍ॅप, वापरा. जीमेलमध्ये असिस्टंटला डेलिगेट, म्हणजे तुमच्या वतीने मेल सांभाळणारा, म्हणून जोडता येतं, त्यांना मेल वाचता-पाठवता येतात पण तुमचा पासवर्ड बदलता येत नाही. जिथे वेगळा युजर करता येतो तिथे वेगळाच करा, कारण तुमचंच लॉगिन दिलं तर ओटीपी तुमच्या फोनवर येणार आणि तुम्ही झोपलेले असणार, म्हणजे त्यांचं काम सकाळपर्यंत ठप्प. शिवाय वेगळ्या लॉगिनमुळे कुणी काय केलं हे स्पष्ट राहतं आणि उगाच संशय त्यांच्यावर येत नाही.

वेगळ्या देशात असाल तर वेळ लिहिताना कुणाची वेळ ते लिहाच. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घड्याळं उन्हाळ्यासाठी मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, युरोपात बहुतेक देशांत मार्चच्या शेवटच्या रविवारी, आणि भारत, फिलिपिन्ससारख्या देशांत बदलतच नाहीत, त्यामुळे त्या दोन-तीन आठवड्यांत नेहमीचे कॉल हमखास चुकतात. रात्री काही सुचलं तर मेसेज शेड्यूल करा, स्लॅक (ऑफिस चॅटचं अ‍ॅप) आणि जीमेल दोन्हीत सोय आहे. रात्री अकराला आलेला मेसेज "सकाळी बघा" म्हणत असला तरी माणूस तो रात्रीच बघतो.

चूक दिसली की गुपचूप स्वतः दुरुस्त करायची सवय सगळ्यात वाईट. तुम्हाला चिडचिड साठत जाते आणि समोरच्याला पत्ताच नसतो. "ड्राफ्ट नीट नाही वाटत" यातून त्यांना काहीच कळत नाही, "पहिल्या दोन ओळी काढा, क्लायंटने तारीख विचारली होती ती सुरुवातीलाच द्या, माफी एकदाच मागा" असं सांगा. काही चांगलं झालं तर तेही असंच नेमकं सांगा, नुसतं थम्ब्सअप टाकून सोडू नका. आठवड्यातून एकदा अर्धा तास कॉल ठेवा आणि त्यात "माझ्यामुळे काय अडलंय?" हे विचाराच, पहिल्या एकदोन वेळा "काही नाही" म्हणतील, तरी विचारत राहा.

पैसे ठरलेल्या तारखेला, आठवण करायची वेळ न आणता. महिन्याचे तास ठरवले असतील तर उरलेले तास पुढे जाणार का आणि जास्त झाले तर रेट काय हे आधीच लिहून ठेवा. मेलचं काम घेतलेल्या माणसावर हळूहळू सोशल मीडिया, मग हिशेब असं चढवत जाऊ नका, काम वाढलं तर पैसेही बोला. पुढच्या महिन्यात काम कमी असणार असेल तर आत्ताच कळवा, त्यांचं घर त्यावर चालतं.

आणि थांबवायची वेळ आलीच तर दोन आठवडे आधी सांगा, राहिलेली कामं लिहून घ्या, शेवटचं बिल चुकतं करा, सगळे अ‍ॅक्सेस काढा, काम चांगलं झालं असेल तर न मागता रेकमेंडेशन लिहून द्या.