‘सेटल्ड’ शेरा निघाला, मग दोघांच्या नावावर गृहकर्ज मिळालं

लॉकडाऊनमध्ये ह्यांचं दुकान बंद पडलं आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी अंगावर आली. बँकेने तडजोडीची रक्कम घेऊन खातं मिटवलं. पुढे फ्लॅटसाठी दोघांनी मिळून अर्ज केला, तर माझा क्रेडिट स्कोअर (कर्ज कसं फेडलं यावरून मिळणारे गुण) चांगला असूनही फाइल परत आली. सहकर्जदार म्हटलं की बँक दोघांचे रिपोर्ट बघते.

सिबिल म्हणजे आपल्या कर्जांची आणि कार्डांची नोंद ठेवणारी कंपनी. तिचा पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा मोफत मिळतो. त्यात नुसता स्कोअर बघू नका, खालची खाती एकेक करून वाचा. ह्यांच्या कार्डापुढे ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ होतं, म्हणजे पूर्ण पैसे न भरता मिटवलेलं खातं. बँकांना नेमकं हेच खुपतं.

मी बँकेला लेखी विचारलं, उरलेली रक्कम भरली तर शेरा बदलाल का? लेखी होकार हातात आल्यावरच पैसे भरले. फोनवरच्या शब्दावर एक रुपयाही देऊ नका, हे अगदी कळकळीने सांगते. नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा दाखला मिळाला, तरी रिपोर्ट तसाच. मग सिबिलकडे ऑनलाइन तक्रार टाकली. त्याला पैसे पडत नाहीत. सिबिल परस्पर काही बदलत नाही, बँकेकडून खात्री करून घेते. पण ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शेरा बदलला.

स्कोअर चढेपर्यंत कुठेही नवा अर्ज केला नाही, कारण अर्जावर बँकेने केलेली प्रत्येक चौकशी रिपोर्टात उमटते. नंतर दुसऱ्या बँकेत मी मुख्य अर्जदार झाले, हे सहकर्जदार. जुनी हकीकत आपणहून सांगितली, सर्टिफिकेट जोडलं. कर्ज मंजूर झालं.