बागेतल्या कारंज्याला सोलर पंप की विजेचा? सोलापुरात असं ठरवा

सोलापुरात ऊन फुकट आहे, मग कारंजं सोलरवरच चालवू, हा हिशेब दुकानात उभं असताना पटतो. पण पंप घेण्याआधी एक गोष्ट ठरवा: वाहतं पाणी आपण बघणार कधी? मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे गेला की दुपारी अंगणात कुणी फिरकत नाही. खुर्च्या बाहेर येतात त्या दिवेलागणीनंतर, आणि बॅटरी नसलेला सोलर पंप नेमका तेव्हाच थांबलेला असतो. भर उन्हात मात्र तो जोरात चालतो. तेव्हा वाफ होऊन आणि वाऱ्याने तुषार उडून जे पाणी जातं, ते बोअरमधून नाहीतर टँकर मागवून आपल्यालाच भरायचं. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे हे परवडतं का ते बघा.

वेळ ठरली की टेप घ्या. कुंडातल्या पाण्याच्या पातळीपासून पाणी जिथून बाहेर पडणार तिथपर्यंतची उंची मोजा. पंपाच्या खोक्यावर ‘एच मॅक्स’ म्हणून जी उंची छापलेली असते, तिथवर पाणी चढतं, पण वाहत नाही. म्हणून गरजेच्या साधारण दुप्पट उंचीचा पंप घ्यावा. दगडी कडेवरून पाण्याचा पडदा पाडायचा असेल, तर कडेच्या दर सेंटिमीटर रुंदीला ताशी १०० ते १५० लिटर धरा. म्हणजे २० सेंमीच्या कडेला ताशी २ ते ३ हजार लिटर. पाण्यावर तरंगणाऱ्या छोट्या सोलर पंपाची मजल ताशी दीड-दोनशे लिटरची. चिमण्यांसाठी ठेवलेल्या पसरट भांड्यात तो झकास, पडद्यासाठी नाही.

मग बिलाचा हिशेब करा. १८ वॅटचा पंप रोज ५ तास चालला, तर महिन्याला २.७ युनिट जळतात. एवढ्याशा बिलासाठी सोलर घेण्यात अर्थ नाही. सोलरचा खरा फायदा वायरीचा. कुंड घरापासून लांब, कंपाउंडच्या टोकाला किंवा शेतावर असेल आणि तिथवर केबल न्यायला फरशी फोडावी लागणार असेल, तर सोलरच घ्या. मात्र पॅनेल वेगळं असलेला १२ व्होल्टचा, बॅटरीवाला संच बघा.

कुंडात मासे सोडणार असाल तर माझं मत सरळ विजेच्या बाजूने. डासांच्या अळ्या खातात म्हणून लोक गप्पी मासे सोडतात, ते चांगलंच. पण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि रात्री पाणवनस्पतीही तोच वापरतात. दाट वनस्पती असल्या की पहाटे मासे वर तोंड काढून धापा टाकतात. त्या वेळी पाणी हलतं राहायला हवं.

विजेचा पंप बसवताना वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) लावा. यात काटकसर नको. सॉकेट पावसापासून झाकलेला हवा. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी खालीच गळतं. मासे नसतील तर संध्याकाळपुरतं चालवायला टायमर लावा. पाण्यात हात घालण्याआधी पिन काढायचीच.

सोलर असेल तर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, साधारण १७-१८ अंश कलवून बसवा. दुपारी कडुलिंबाच्या एका फांदीची सावली पडली तरी पंप मरगळतो, म्हणून जागा पक्की करण्याआधी दिवसभर सावली कुठे फिरते ते बघा. धूळ सकाळी पॅनेल गार असताना पुसा. बॅटरी सावलीत ठेवा. उन्हात तिचं आयुष्य घटतं. श्रावणातल्या ढगाळ दिवसांत कारंजं अडखळणार, हे धरूनच चला.

पंप कुठलाही असो, कोरडा चालला की जळतो. उन्हाळ्यात पाण्याची पातळी रोज बघा. बोअरच्या जड पाण्याने इंपेलरवर (पंपातलं पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) पांढरा थर बसतो आणि धार बारीक होते. अशा वेळी नवा पंप घ्यायला पळू नका. इंपेलर काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा आणि चांगला धुऊन पुन्हा बसवा.