एक प्रसंग, तीस दिवस: पुराणकथेवर लिहिण्याचा महिना

पुराणकथा, कथनकला आणि चाहत्यांचे लेखन (आवडत्या कथेवर तिच्या वाचकांनी स्वतः केलेले लेखन) या तिन्हींना धरून महिनाभर काम करायचे ठरवले, की पहिला मोह होतो तो मोठा विषय घेण्याचा. संपूर्ण महाभारत नव्याने सांगण्याचा संकल्प पहिल्या आठवड्यातच डळमळतो. त्याऐवजी दोन-चार पानांत मावणारा एकच प्रसंग निवडावा आणि शेवटपर्यंत त्याच्यापाशीच राहावे. कथानक बदलण्याचीही घाई नको. बदलायचे ते एवढेच, की गोष्ट कोण सांगतो आहे आणि कोणाला. महाभारताची रचनाच अशी आहे: वैशंपायनाने जनमेजयाच्या सर्पसत्रात सांगितलेली कथा सौती पुढे नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना सांगतो आणि सावित्रीचे आख्यान मार्कंडेय वनवासातल्या युधिष्ठिराला ऐकवतो, तेही त्याने द्रौपदीविषयीची व्यथा बोलून दाखवल्यावर.

उदाहरणादाखल आदिपर्वातला एकलव्याचा प्रसंग घेऊ. पहिले पाच-सहा दिवस ललित म्हणून एक ओळही लिहू नये. मूळ प्रसंग चांगल्या अनुवादातून तीन वेळा सावकाश वाचावा. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीवर आधारलेला अनुवाद मिळाल्यास उत्तम, कारण त्या आवृत्तीत अनेक हस्तलिखिते ताडून नंतरची भर मूळ पाठापासून वेगळी काढलेली आहे. वहीत दोन रकाने करावेत. एकात संहितेत प्रत्यक्ष असलेल्या गोष्टी लिहाव्यात आणि दुसऱ्यात लहानपणापासून ऐकल्यामुळे त्या प्रसंगात असतीलच असे आपण गृहीत धरलेल्या. हे काम कंटाळवाणे वाटते, पण पुढच्या लेखनाचे सारे बीज इथेच मिळते. उदाहरणार्थ, शिकारीला निघालेल्या पांडवांच्या मागे सामान आणि कुत्रा घेऊन चालणारा एक माणूस संहितेत आहे. त्याला नाव नाही. त्या कुत्र्याच्या तोंडात सात बाण मारले जातात आणि तिथून पुढचे सारे घडते. अंगठा कापून दिल्यावर एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण सोडून पाहतो आणि पूर्वीचा वेग राहिला नसल्याचे दिसते, हेही संहितेतच आहे. आणि अर्जुन? तो ‘विगतज्वर’ होतो, म्हणजे त्याच्या मनाचा ताप उतरतो. या एका शब्दावर मी तरी एक अख्खा दिवस खर्च करीन.

दुसऱ्या आठवड्यात रोज एक साक्षीदार निवडून त्याच्या तोंडून तोच प्रसंग सांगावा. कादंबरीच्या पहिल्या खर्ड्यासाठी महिन्यात ५०,००० शब्दांचे, म्हणजे दिवसाला सुमारे १,६६७ शब्दांचे, लक्ष्य प्रचलित असले तरी या कामाला रोज ३०० शब्द पुरतात. प्रत्येक वेळी श्रोता आधी ठरवावा. कुत्रा सांभाळणारा माणूस त्या रात्री हे आपल्या मुलाला सांगतो आहे, की पुष्कळ वर्षांनी, कुरुक्षेत्रावर द्रोण पडल्याची बातमी आल्यावर? पहिल्या कथनात कुत्र्याची काळजी पुढे येईल, दुसऱ्यात अंगठ्याची. श्रोता न ठरवता लिहिलेली निवेदने बहुधा भाषणासारखी होतात आणि सगळ्या पात्रांचा आवाज लेखकाचाच वाटू लागतो.

घटना न बदलता अर्थ किती पालटतो हे पाहायचे असेल, तर भासाचे ‘ऊरुभंग’ हे संस्कृत नाटक तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला वाचावे. दुर्योधनाच्या मांड्या तिथेही मोडतातच, पण त्याचा लहान मुलगा रणभूमीवर येऊन नेहमीप्रमाणे मांडीवर बसू पाहतो, आणि आपण आजवर ज्याच्या विरोधात उभे होतो त्याच्या जवळ जाऊन बसतो.

आज ज्याला फॅन फिक्शन म्हणतात त्यामागेही हीच ओढ असते: आवडत्या कथेने जिथे मौन धरले, तिथे चाहता बोलू लागतो. आर्थर कॉनन डॉइल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला मृत्यू दिला, पण वाचकांनी तो मनातून मान्य केला नाही आणि १९०३ मध्ये होम्सला परत यावे लागले. म्हणून हा आठवडा इतरांसोबत घालवावा. त्याच कथेवर प्रेम करणारे दोन-तीन वाचक गाठून त्यांना आपले सर्वांत जमलेले निवेदन द्यावे आणि ‘आवडले का’ असे न विचारता ‘कुठे हे पात्र त्याच्यासारखे वागत नाही’ असे विचारावे. चाहत्यांच्या वर्तुळात मसुदा आधी वाचून देणाऱ्याला बीटा रीडर म्हणतात. त्याचे ऋण नोंदवण्याची पद्धत पाळावी. दुसऱ्या चाहत्याची कल्पना वापरली असेल तर तेही उघडपणे सांगावे. कॉपीराइट असलेल्या पात्रांवरचे लेखन परवानगीशिवाय विकू नये; पुराणकथांच्या बाबतीत ही अडचण येत नाही, मात्र त्यांचा आधुनिक अनुवाद हा अनुवादकाच्या हक्काचा असतो.

शेवटच्या आठवड्यात नवे काही सुरू करू नये. सगळ्या निवेदनांतून एक निवडून ते वही मिटून, आठवणीतून पुन्हा लिहावे आणि नंतर जुन्या मजकुराशी ताडून पाहावे. जे आठवले नाही त्यातले बरेचसे गाळण्याजोगे असते. मग ते मोठ्याने वाचावे, शक्यतो ज्याला मूळ प्रसंग ठाऊक नाही अशा माणसासमोर. तो जिथे थांबवून प्रश्न विचारील, तिथे समासात खूण करावी आणि तिसाव्या दिवशी फक्त त्या खुणांवर काम करावे.