लेकराला फॅल्सिपेरम मलेरिया निघाला, तर गोळ्यांचं कोणतं पाकीट?

भामरागडकडच्या उपकेंद्रात मी नर्स आहे. नवीन आशाताई एक सरकारी पाकीट आणि एक मेडिकलमधलं पुढ्यात ठेवून विचारतात, 'यातलं चांगलं कोणतं?' ताई, आधी रॅपिड टेस्ट बघा. व्हायवॅक्स हा मलेरियाचा दुसरा प्रकार, त्याला क्लोरोक्विन-प्रायमाक्विनचा कोर्स वेगळा. ही पाकिटं फॅल्सिपेरमची.

सरकारी पाकिटात आर्टेसुनेट 3 दिवस, दिवसातून एकदा; सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन फक्त पहिल्या दिवशी. रंग वयावर: 1 ते 4 वर्षांना पिवळं, 5 ते 8 ला हिरवं. आईला सांभाळायला हेच सोपं. ईशान्य भारतात सल्फाचा गुण येईना, म्हणून 2013 मध्ये तिथे आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन आलं. मेडिकलमधलं पाकीट तेच. त्याचे 3 दिवसांत 6 डोस, दुसरा 8 तासांनी. मात्रा वजनावर, 5 किलोच्या आत नाहीच. आणि उपाशीपोटी मुळीच नको, कारण ल्युमेफँट्रिन स्निग्धाशिवाय अंगी लागत नाही. दूध पाजा, अंगावरचंही चालेल, मग गोळी.

कोणतंही असो, पहिली गोळी चमच्यात चुरून आपल्यासमोर पाजा आणि अर्धा तास तिथून हलू नका. तेवढ्यात ओकलं तर डोस परत. फॅल्सिपेरमलाही दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विन असतं, पण ते वर्षाच्या आतल्या बाळाला नाही.

झटके आले, लेकरू गुंगीत गेलं किंवा पोटात काहीच ठरेना, तर पाकिटांची तुलना तिथेच सोडा. त्याला आर्टेसुनेटचं इंजेक्शन लागतं. लगेच 108 ला फोन करा.